गिटारमध्ये दोष नव्हता

नितेश पहिल्यांदा माझ्याकडे आला तो श्रावणात, एका रविवारी सकाळी. खांद्यावर काळी बॅग, कपाळावर घाम, आणि दार उघडताक्षणी प्रश्न, "उत्तराताई तुम्हीच ना? गिटारचं काम करता त्या?"

दार उघडल्यावर बरेच जण माझ्या मागे कोणी पुरुष दिसतोय का ते बघतात. ह्याने बघितलं नाही, म्हणून तो मला लगेच आवडला.

मी एकोणीस वर्षं अंधेरीला सीप्झमधल्या एका कंपनीत सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं. दिवसभर भिंगाखाली मान घालून तांदळाच्या दाण्याएवढे भाग जोडायचे. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. घरी बसून आधी शेजारच्या मुलीचा कीबोर्ड दुरुस्त केला, मग एका भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर, आणि हळूहळू दहिसर ते मालाडपर्यंतचे ऑर्केस्ट्रावाले बोरिवलीला माझ्या गॅलरीत गिटारी आणून ठेवायला लागले. मला गिटार वाजवता येत नाही. तिच्या पोटातलं सगळं येतं.

नितेश तेव्हा सदतीस वर्षांचा होता. दिवसा फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा आणि गणपती, नवरात्र, हळदी, लग्नं अशा कार्यक्रमांना लीड गिटार वाजवायचा. राहायला मागाठाण्याला, सातव्या मजल्यावर. घरी बायको श्वेता आणि वडील धोंडू, जे मूळचे मालवणकडचे आणि पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. हे सगळं त्याने पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं. बडबड्या होता.

गिटार लाल रंगाची, पंधरा वर्षांची. जिथे हात टेकायचा तिथला रंग उडून लाकूड दिसत होतं.

"हिला नवीन करायचीय," तो म्हणाला. "नवरात्रीच्या आधी. आवाज बसलाय हिचा. आणि हल्ली जड पडते."

"जड म्हणजे? उचलायला?"

"नाही हो, वाजवायला. पूर्वी नुसता हात ठेवला की बोलायची. आता दाबावं लागतं."

मी मागची पट्टी उघडली. आत धूळ, दोन सुटत आलेले टाके, गंजलेला स्विच. आवाजाची बटणं फिरवली की खरखर. दोष शोधायला लागलाच नाही, समोरच होता. मी त्याला म्हटलं, पंधरा दिवस दे.

ते काम मी मन लावून केलं. आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा लावला, म्हणजे बाहेरची गुणगुण आत येणार नाही. बटणांखालचे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारे भाग, बदलले, स्विच बदलला, ॲम्पची वायर खोचायची जागा बदलली. तारांखाली जे पिकअप असतात, तारेचा थरथराट उचलून ॲम्पकडे पाठवणारे, ते त्याने स्वतः निवडून आणले होते, तेही बसवले. नितेशने माझ्या गॅलरीत बसून वाजवलं तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई वाळत घालायचे कपडे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"झकास!" तो म्हणाला. "ताई, ही तर दुसरीच झाली."

गणपती विसर्जनानंतर चार दिवसांनी तो परत आला.

"आवाज एक नंबर आहे," तो म्हणाला. "पण जड आहे ती आहेच. सूर दाबला की गुदमरतो. आणि ह्या खुंट्या बघा ना, जाम झाल्यात. सुरात लावताना फिरतच नाहीत."

मी गिटार हातात घेतली. तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून किती उंच आहेत ते मोजलं. बरोबर होतं. मान सरळ होती. मग एकेक खुंटी दोन बोटांत धरून फिरवली. सहाच्या सहा लोण्यासारख्या फिरल्या.

"तू फिरव," मी म्हटलं.

त्याने डाव्या हाताने खुंटी धरली. अंगठा आणि पहिलं बोट खुंटीवर घसरलं. त्याने पुन्हा धरली, मग हसून उजवा हात पुढे केला. "बघा, जाम आहे."

मी आयुष्यभर हात बघितले आहेत. आमच्या लाइनीवर चाळीस बायका होत्या. कुणाचं मनगट धरलंय, कुणाची बोटं बधिर होतायत, ते चेहऱ्याआधी हातावर कळायचं. नितेशच्या डाव्या अंगठ्याजवळचा मांसल भाग खाली बसला होता. तिथे खळगा पडला होता. आणि त्या खळग्याच्या बाजूला कातडीखाली काहीतरी बारीक बारीक उडत होतं, त्याने हात स्थिर धरला असतानाही.

मला रोगाचं नाव माहीत नव्हतं. पण गिटारला काही झालेलं नाही, एवढं मला त्या क्षणी कळलं.

"ताई, खुंट्या बदलूया ना?" त्याने विचारलं. "आणि तारा थोड्या बारीक टाकू. नवरात्रीचे नऊ दिवस आहेत, वाट लागेल माझी."

मी म्हटलं, "बघते."

संध्याकाळी मी माझ्या नवऱ्याला, अनिरुद्धला, सांगितलं. तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का? उगाच माणसाच्या डोक्यात काहीतरी भरवशील. सणाचे दिवस आहेत, त्याचे कार्यक्रम आहेत. असेल कमजोरी."

त्याने म्हटलं म्हणून मी गप्प बसले, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मला ते बोलायचंच नव्हतं. नितेश गिटार घेऊन यायचा तेव्हा त्याचा चेहरा असा असायचा की हे सुटेल, फक्त योग्य भाग मिळायला हवा. माझं सगळं आयुष्य ह्याच समजुतीवर गेलं होतं. मी नव्या, हलक्या फिरणाऱ्या खुंट्या बसवल्या. बारीक तारा घातल्या, तारांची उंची कमी केली, इतकी की आणखी एक केस खाली गेली असती तर पट्टीवर आपटून खरखरली असती. गिटार लहान मुलानेही वाजवावी अशी झाली.

"आता सोपी आहे!" तो म्हणाला. काही दिवस त्याला खरंच तसं वाटलं असावं.

नवरात्रात त्याचा एकदा फोन आला. पाचवी माळ होती. "ताई, काही काही कॉर्ड लागतच नाहीत. कीबोर्डवाला सांभाळून घेतोय." मागे ढोलाचा सराव चालला होता. मी म्हटलं, "नवरात्र झाली की ये." तेव्हाही सांगितलं नाही.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तो आला. कोपरावर पट्टी होती.

"स्कूटर पडली," तो म्हणाला. "श्वेता मागे होती. तिचं मनगट मोडलं. डावा ब्रेक लागलाच नाही. आणि गॅरेजवाला म्हणतो, ब्रेकमध्ये काही प्रॉब्लेम नाही. च्यायला, सगळ्याच वस्तू एकदम बिघडल्यात माझ्या."

तो हे हसत सांगत होता. मग बॅग उघडत म्हणाला, "मी विचार करत होतो, हिची मानच बदलून टाकू. बारीक मान मिळते. नाही का?"

माझ्याकडे तेव्हा दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची गिटार आली होती, महागडी, अगदी व्यवस्थित असलेली. मी ती त्याच्या मांडीवर ठेवली. "ही वाजव."

"का?"

"वाजव ना."

त्याने एक कॉर्ड धरली. तार गुदमरली. दुसरी धरली. गुदमरली. तो थांबला, हात झटकला, पुन्हा धरली. मग त्याने मान वर केली नाही. तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला, तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"गिटारमध्ये काही नाहीये, नितेश," मी म्हटलं. "गेल्या खेपेलाही नव्हतं. तू उद्या डॉक्टरकडे जा. मेंदूच्या, नसांच्या डॉक्टरकडे. मी येते हवं तर."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. नितेशने ती महागडी गिटार दोन्ही हातांनी उचलून मला परत दिली. "बरं," एवढंच म्हणाला. आपली लाल गिटार घेऊन गेला.

तपासण्या दिवाळीपर्यंत चालल्या. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. एक हात, मग दुसरा, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. औषध आहे, पण ते थोडे महिने वाढवतं. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. हे मला श्वेताने सांगितलं, भाऊबीजेनंतर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा. तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर काम करते. सगळं नीट, क्रमाने सांगितलं तिने, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "श्वेता, मला आधी दिसलं होतं. त्याचा हात."

"आधी म्हणजे कधी?"

"विसर्जनानंतर तो आला होता तेव्हा."

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. मला ते तिच्या डोळ्यांत दिसलं. विसर्जन, नवरात्र, कोजागरी, आणि मग प्लास्टर.

"मग तुम्ही नव्या खुंट्या कशाला बसवल्यात?" तिने विचारलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आत पलंगावर नितेश होता, त्याला ऐकू गेलं असावं. तो आतून म्हणाला, "श्वेता, जाऊ दे ना. लवकर कळून काय होणार होतं?"

"माझं मनगट मोडलं नसतं," श्वेता म्हणाली.

निघताना नितेश म्हणाला, "ताई, येत राहा. हिला अजून सोपी करायचीय." मी श्वेताकडे बघितलं. ती म्हणाली, "त्याला हवंय तर या." त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मग मी जात राहिले. बोरिवली स्टेशनजवळून रिक्षा केली की पंधरा मिनिटांत मागाठाणं. बरोबर हत्यारांची पिशवी. आता आम्ही एकमेकांना फसवत नव्हतो. हातातून काय गेलं ते तो सांगायचा, आणि उरलेल्यात काय वाजेल ते मी शोधायची.

जानेवारीपर्यंत डाव्या हाताची बोटं वेगवेगळी दाबता येईनाशी झाली, पण मूठ वळत होती. मी गिटार त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. सगळ्या तारा अशा लावल्या की नुसत्या छेडल्या तरी एकत्र सुरात वाजतील. आणि त्याच्या मुठीत एक गुळगुळीत लोखंडी सळई दिली. ती तारांवर ठेवून सरकवली की सूर बदलतात. त्यासाठी तारा पट्ट्यांपासून खूप उंच लागतात. जी उंची मी केसाकेसाने खाली आणली होती ती आता पितळेची पट्टी घालून अर्ध्या बोटाएवढी वर नेली. जास्त ताकदीचे पिकअप घातले, म्हणजे हलकंसं छेडलं तरी आवाज भरून यावा. बटणं काढून मोठे लिव्हर लावले, तळव्याने ढकलता येतील असे.

तीन महिने तो तसा वाजवत होता. आवाज वेगळाच यायचा, लांबट, एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारा. तो म्हणायचा, "हे मी आधीच शिकायला हवं होतं यार."

एप्रिलमध्ये मूठही सुटली. सळई तारांवरून घरंगळून फरशीवर पडली. धोंडूकाका दारात बसून कोलंबी सोलत होते. ऐंशीच्या आसपास वय, पण नजर आणि हात पक्के. त्यांनी उठून, हात धुऊन, सळई उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, ह्या असा धरुचा मां?" त्यांनी सळई तारांवर ठेवली.

"बाबा, राहू दे," नितेश म्हणाला. त्याचं बोलणं तोवर जडावलं होतं, पण समजत होतं.

"रवांदे कित्याक? तू छेड. मी सरकवतंय. खंय सरकवूचा ता सांग."

काकांनी आयुष्यात वाद्याला हात लावला नव्हता. नितेशने गिटार वाजवलेली त्यांना कधी आवडली नव्हती. लग्नात वाजवतो म्हणून ते नातेवाइकांत सांगतही नसत. हे मला नितेशनेच सांगितलं होतं. त्या दुपारी ते पलंगाच्या कडेला बसले आणि मुलाच्या मांडीवरच्या गिटारवर सळई सरकवू लागले.

सुरुवातीला भयंकर वाजलं. "वर, बाबा! वर म्हणजे माझ्याकडे नाही, तिकडे!" "अरे मेल्या, नीट सांग मगे!" "थांब, थांब, तिथेच!" मी पट्ट्यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावून दिल्या. मग नितेश रंग सांगायचा, काका सळई न्यायचे, आणि नितेश उजव्या अंगठ्याने तार छेडायचा. दोन आठवड्यांनी त्यांनी गावच्या भजनाची एक चाल बसवली. काकांना ती लहानपणापासून पाठ होती, त्यामुळे रंग सांगायची गरजच पडेना. ते डोळे मिटून सळई सरकवायचे. कधी नितेशचा अंगठा मागे राहिला तर ते थांबायचे, त्याची वाट बघायचे, आणि तार वाजली की पुढे जायचे.

श्वेता कामावरून आली तरी ते थांबत नसत. ती भाजीची पिशवी खाली ठेवायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. मला वाटतं, त्या घरातले ते सगळ्यात बरे दिवस होते. मे आणि जूनचे मिळून सहा आठवडे.

मग अंगठा जायला लागला.

मी आधीपासून तयारीत होते. ह्यावर एक उपाय मला माहीत होता, आणि तो करून बघायची, खरं सांगायचं तर, मला घाई झाली होती. तारांखाली बारीक तांब्याच्या तारेची एक गुंडाळी बसवायची. गिटारचाच आवाज एका छोट्या ॲम्पमधून त्या गुंडाळीत परत सोडायचा. तिच्या चुंबकाच्या ओढीने तार थरथरत राहते. हात लावावा लागत नाही, छेडावंही लागत नाही. मी चार गुंडाळ्या केल्या. पहिली जळली, दुसरी-तिसरी किंचाळत राहिल्या. चौथी जमली त्या दिवशी मी गॅलरीत एकटीच टाळी वाजवली. गेल्या काही वर्षांत केलेलं माझं सगळ्यात अवघड काम ते. मी स्वतःवर खूश होते.

जुलैच्या एका शनिवारी दुपारी मी ती गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. काका सळई घेऊन बसले. श्वेताला सुट्टी होती, तीही होती. मी स्विच दाबला.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तार हळूहळू वाजायला लागली. कुठूनतरी लांबून यावा तसा सूर आला, वाढत गेला, आणि खोलीभर झाला. तो कमी होईना. काकांनी सळई सरकवली तसा तो वर चढला, उतरला. एकही जागा चुकली नाही. काका लहान मुलासारखे हसले. "बघ रे झिला! तुका काय करुचाच नाय!"

नितेशचे दोन्ही हात गिटारच्या दोन बाजूंना पडले होते. तो तारेकडे बघत होता. थोड्या वेळाने तो काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. श्वेताने त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"तो म्हणतोय बंद करा," ती म्हणाली.

मी बंद केलं. "आवाज मोठा झाला का? कमी करता येतो. इथे…"

त्याने डोळ्यांनीच नाही म्हटलं. मग पुन्हा बोलला, एकेक शब्द सुटा करून, आणि ह्या वेळी मला कळलं.

"ताई. हे. मी. नाही. वाजवत."

"अरे पण सूर तू सांगशील ना, बाबा सरकवतील…"

"काढा. ते."

मी समजावायला गेले. हे नवीन आहे, सवय होईल, थोडे दिवस ठेवून बघ, असं काहीतरी. श्वेता म्हणाली, "ताई, तो काय म्हणतोय ते ऐकू येतंय ना तुम्हाला?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती दमली होती.

मी तिथेच, पलंगाजवळच्या स्टुलावर, सोल्डरिंग आयर्न गरम केलं आणि गुंडाळीचे चार टाके सोडवले. काका सळई दोन्ही हातांत धरून बसले होते. धुराचा वास झाला म्हणून श्वेताने खिडकी उघडली. गुंडाळी पिशवीत टाकताना ती माझ्या हातातून दोनदा निसटली, आणि नितेश ते बघत होता. तो हसला. ओठांची एकच बाजू वर गेली, पण हसलाच तो. मला त्या हसण्याने जास्त रडू आलं. घरी जाईपर्यंत मी ते दाबून धरलं.

त्यानंतर त्याने वाजवलं नाही. आठ-दहा दिवस अंगठ्याने एखादी तार हलायची, मग तेही नाही. मी जात राहिले, पण हत्यारं नेईनाशी झाले. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, कुठल्या ऑर्केस्ट्रात कोण भांडलं ते सांगायची. त्याला अशा भानगडी ऐकायला फार आवडायच्या, डोळे चमकायचे.

गणपती झाले आणि त्याच्या छातीत कफ साठला. हॉस्पिटलात चार दिवस होता. पाचव्या दिवशी सकाळी गेला. एकोणचाळीस पूर्ण व्हायला आठवडा होता. दौलतनगरच्या स्मशानभूमीत ऑर्केस्ट्रातली सगळी मुलं आली होती. नवरात्रीचे दिवस तोंडावर असूनही आली होती. धोंडूकाकांनी शेवटी मुलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि मग तो हात आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला. घरी जाईपर्यंत बाहेर काढला नाही.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच फोन केला होता.

"बाई, येवा जरा. कामाची पिशवी घेवन येवा."

मी दुपारी गेले. श्वेता कामावर होती. नितेशचा पलंग तसाच होता, चादर ताणून घातलेली, आणि त्यावर आडवी ठेवलेली लाल गिटार. काका खुर्चीत बसले होते. एका वर्षात ते पुष्कळ खाली वाकले होते.

"हिच्या तारा काढून देवा," ते म्हणाले.

"का, काका?"

"दिवसभर मी एकटो आसतंय. दार आपाटला, वरच्या मजल्यार काय पडला, नायतर माका खोकलो इलो, तरी ती वाजता. हळूच वाजता. पयल्यांदा वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरात होतंय. धावत इलंय." त्यांनी पलंगाकडे बोट दाखवलं.

तारा एकमेकींशी सुरात लावलेल्या होत्या. खोलीतला त्यांच्या सुराचा कुठलाही आवाज त्यांना हलवणार, हे मला माहीत होतं. मी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण त्या घरात तेव्हा सतत आवाज असायचा. मी म्हटलं, "काका, सगळ्या तारा काढल्या तर मानेवरचा ताण जातो. वर्षभरात मान उलटी वाकते. थोड्या सैल करून ठेवूया का?"

"सैल केल्यार वाजतली?"

"थोडी खरखर करेल."

"मगे काढाच."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि जाड तारेपासून सुरुवात केली. खुंटी फिरवत गेले तसा सूर खाली खाली उतरत गेला आणि शेवटी नुसती तार राहिली. तिसऱ्या तारेवर होते तेव्हा कुलूप उघडल्याचा आवाज आला. श्वेता लवकर आली होती. तिने चप्पल काढली, आत आली, आणि मी काय करतेय ते बघितलं.

"सगळ्या?" तिने विचारलं.

"सगळ्या," काका म्हणाले.

ती पर्स न काढताच पलंगावर माझ्या समोर बसली आणि गिटार हलू नये म्हणून तिची मान दोन्ही हातांनी धरली. मी चौथी तार सोडवली. पाचवी. श्वेता तारांकडे बघत होती. मग ती बोलायला लागली, हळू, काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"शेवटी शेवटी मी त्याचा हात उचलून हिच्यावर ठेवायचे. रोज, कामावर जायच्या आधी. तो डोळ्यांनी नको म्हणायचा. मला कळायचं, नको म्हणतोय ते. तरी ठेवायचे आणि निघून जायचे. संध्याकाळी येईपर्यंत हात तिथेच असायचा. बाबाही हलवायचे नाहीत. त्यांना वाटायचं, त्यालाच ठेवायचाय." ती थांबली. "दोन महिने ताई. रोज."

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. की त्याला कळलं असेल. की तुझा काही दोष नव्हता. पण ही वाक्यं मी स्वतःलाही वर्षभर सांगून पाहिली होती आणि त्यांचा काही उपयोग झाला नव्हता. मी सहावी तार सोडवली. सगळ्या तारा गोल गुंडाळल्या. त्यांची टोकं टोचतात, म्हणून कागदात बांधल्या. श्वेताने गिटार उचलून भिंतीकडे तोंड करून कपाटामागे उभी केली.

काका खुर्चीतच डोळे मिटून बसले होते. झोपले होते की नाही, कळलं नाही. श्वेताने दार लावताना ते हाताने धरून हळूच लावलं, आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. लिफ्ट चौथ्या मजल्यावर कोणीतरी धरून ठेवली होती. ती वर येईपर्यंत श्वेता माझ्याजवळ थांबली.